चरबीतलं घड्याळ

"उतरू नका, उतरू नका!" गोदामकीपर चव्हाण ओरडला. "आकडा अजून थरथरतोय!"

मी साखरेची पोती तोलायच्या काट्यावर बनियनवर उभा होतो. कारखान्यात कामगारांच्या तपासणीचं शिबिर होतं आणि शिबिराचा वजनकाटा होता एकशेवीस किलोपर्यंतचा. मी त्याच्यावर पाय ठेवला तसा त्याचा काटा जो एका अंगाला जाऊन टेकला, तो मी उतरल्यावरही परत यायला तयार होईना. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, इथं मोठा काटा कुठं आहे? सगळ्यांनी एकदम गोदामाकडं बोट दाखवलं.

"एकशे त्रेचाळीस!" चव्हाणनं पुकारा केला. "तीन पोत्यांना सात किलो कमी."

"पारिसभाऊ, तोंड शिवून थप्पीला लावू काय तुम्हाला?" एक हमाल म्हणाला आणि गोदामभर हशा पिकला. मीही हसलो. जाड माणसानं सगळ्यात आधी हसायचं असतं. उशीर केला तर लोकांना कळतं की त्याला लागलं.

हसल्या नाहीत त्या फक्त डॉक्टर नाडगौडा. पुण्याच्या कुठल्याशा संशोधन संस्थेतून आलेल्या, तिशीतल्या, काडीसारख्या बाई. केसांत पेन्सिल खोचलेली. ती काढून त्यांनी माझं वजन लिहिलं आणि विचारलं, "मगदूम, तुमची पाळी कुठली?"

"रात्रीची. बारा ते आठ."

मी पॅनमन होतो. उसाचा रस आटत आला की त्यात साखरेचा दाणा बरोबर धरवायचा, हे माझं काम. एक क्षण इकडचा तिकडं झाला की दाण्याचा चिकट गोळा होतो. अठरा हंगाम मी रात्रपाळीच करत होतो, कारण रात्री साहेब नसतात आणि कँटीन असतं.

"रात्री काय खाता?"

मी सांगितलं. दोन वाजता वडापाव, चारला भजी, मधे चहा आणि खारी, सहाला पुन्हा वडापाव. बाई लिहीत होत्या. मी जैन माणूस. आमच्या घरात दिवस मावळल्यावर जेवत नाहीत आणि बटाटा उंबऱ्याच्या आत येत नाही. म्हणजे रात्रीच्या एका वड्यात मी दोन पापं एकदम उरकत होतो.

"घरात आणखी कुणाचं वजन जास्त आहे?"

"आक्का आहे. थोरली बहीण, चंपाबाई. शिरोळ तालुक्यात दिलीये. पण तिचं सोडा."

"का?"

"ती चोरून खाते."

पान-सुपारी पुढं करावी इतक्या सहज मी हे बोललो. बाईंची पेन्सिल थांबली.

"तुम्ही पाहिलंय?"

"मी कशाला बघायला जातोय? तिच्या सासरचे म्हणतात. दिवस मावळला की पाण्याशिवाय तोंडात काही घालत नाही, सगळे उपास करते, आणि अंग बघाल तर हे एवढं. मग चोरून नाही तर काय वारा खाऊन?"

बाई माझ्याकडं असं बघायला लागल्या की जणू मीच आत्ता पॅनमध्ये नीट धरलेला साखरेचा दाणा होतो. "एका आईबापाची दोन मुलं," त्या म्हणाल्या. "एक रात्रभर खातंय, एक दिवस मावळल्यावर खातच नाही. आणि वजन दोघांचंही वाढलेलं. मगदूम, मला तुम्ही दोघं हवे आहात."

ही चौदा वर्षांपूर्वीची गोष्ट. मी तेव्हा चव्वेचाळीसचा होतो, आक्का बावन्नची.

बाईंचं संशोधन असं होतं. माणसाच्या शरीरात घड्याळ असतं. एक नाही, अनेक. मोठं मेंदूत, आणि बारकी बारकी यकृतात, स्नायूंत, चरबीतसुद्धा. हे घड्याळ म्हणजे पेशीतले काही जीन्स. ते दिवसाच्या ठरावीक वेळी जागे होतात, ठरावीक वेळी मंदावतात. खूप जाड माणसांत या जीन्सचं काही बिनसलेलं असतं का, हे त्यांना तपासायचं होतं. त्यासाठी तीन दिवस एका बंद खोलीत राहायचं. खिडकी नाही, घड्याळ नाही, मोबाईल नाही. मोजून दिलेलं जेवण, दर चार तासांनी रक्त, आणि शेवटच्या दिवशी पोटावरून हरभऱ्याच्या डाळीएवढी चरबी, चार वेळा.

"चरबी काढून नेणार?" मी विचारलं. "मग चार वेळा कशाला, पोतंभर न्या की."

आक्का या असल्या भानगडीला कधीच तयार होणार नाही याची मला खात्री होती. बाईंना घेऊन मी तिच्या घरी गेलो. आक्का सोप्यात शेंगा फोडत बसली होती. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग अटी सांगितल्या. कांदा-बटाटा नको, पाणी गाळून पाहिजे, आणि संध्याकाळचं जेवण दिवस मावळायच्या आत. आत घड्याळ नसलं तरी डॉक्टरांनी तसं वचन द्यायचं. बाईंनी वचन दिलं.

"आणखी एक विचारू का?" आक्का म्हणाली. "तिथं आमच्यावर नजर ठेवायला रातभर कुणी जागं असतंय का?"

"असतं ना. सिस्टर असतात."

"डुलकी काढत न्हाईत न्हवं?"

"लोखंडे सिस्टर? छे."

"मग येते," आक्का म्हणाली आणि पुन्हा शेंगा फोडायला लागली. परक्या जागी तिला भीती वाटत असेल, असं मी समजलो.

मिरजेत एका दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर ती खोली होती. दोन दारं, एकाआड एक. आत दोन खाटा, मधे हिरवा पडदा, आणि पणतीएवढा उजेड देणारे दिवे. दारात लोखंडे सिस्टर उभ्या होत्या. नावाला साजेशा. माझी पिशवी त्यांनी टेबलावर उपडी केली. बिस्किटांचे दोन पुडे, शेंगदाण्याची चिक्की, पेपरमिंटच्या गोळ्या, दाढीच्या डब्यात लपवलेले चार खजूर, सगळं गेलं.

"आणखी काही?"

"देवाशपथ नाही," मी म्हणालो.

आक्काची पिशवी त्यांनी वरवर चाचपली. वयस्कर बाई, कपाळावर ठसठशीत कुंकू, हातात जपमाळ. तिची गोधडीची वळकटी त्यांनी उलगडलीच नाही. त्या वळकटीत बेसनाच्या पंधरा लाडवांचा डबा होता. तो मी गाडीतून उतरताना, आक्काच्या नकळत, तिथं सरकवला होता. माझ्या बायकोनं, रत्नमालानं, "तीन दिवस कसे काढाल?" म्हणून डोळ्यांत पाणी आणून दिलेला डबा. तो कसा सोडायचा?

आत गेल्यावर वेळेचा पार चिखल झाला. आक्का मात्र ठणठणीत. जेवणाचं ताट आलं की ती आधी क्षणभर डोळे मिटायची आणि म्हणायची, "हं, अजून दिवस हाय." ताट संपवून हात धुतला की थोड्या वेळानं, "आत्ता मावळला." पहिल्या दिवशी लोखंडे सिस्टर बाहेर जाऊन खिडकीतून बघून आल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा बघून आल्या आणि डॉक्टरांच्या कानात काहीतरी कुजबुजल्या. तिसऱ्या दिवशी बघायला गेल्याच नाहीत.

माझं उलटं. मला कायमच रात्रीचे दोन वाजल्यासारखं वाटत होतं. दिवे मंद केले की मी टक्क जागा आणि ताट समोर आलं की डोळे जड. शिवाय ताटात काय? दोन फुलके, मुगाची उसळ, काकडी. सगळं ग्रॅमवर मोजलेलं.

लोखंडे सिस्टर खरंच झोपत नसत. पण रक्त काढून झालं की नळ्या घेऊन त्या पलीकडच्या खोलीत जायच्या. तिथं एक यंत्र घरघरायचं. ते घरघरत होतं तेवढाच वेळ माझा. पडद्याखालून मी रांगत आक्काच्या खाटेखाली जायचो. एकशे त्रेचाळीस किलोंचा माणूस आवाज न करता रांगतो तेव्हा त्याला जो घाम फुटतो, त्यात दोन लाडू तर नक्कीच जिरत असतील, अशी मी मनाची समजूत घालायचो. एका फेरीत तीन लाडू. अशा तीन फेऱ्या झाल्या.

या फेऱ्यांत मला एक गोष्ट दिसली. आक्का झोपताना पदराचं टोक खाटेच्या पायाला गाठ मारून बांधायची. गाठही साधी नाही, गाईच्या दाव्याला मारतात तशी. खाट अरुंद होती, पडायला नको म्हणून बांधत असेल, असं म्हणून मी लाडवाकडं वळलो.

चौथ्यांदा चरबी काढून झाली आणि डॉक्टर म्हणाल्या, आता थोडाच वेळ राहिला. तेवढ्यात लोखंडे सिस्टरना मुंग्या दिसल्या. भिंतीच्या कडेनं, शिस्तीत, एकामागून एक.

"थांबा, फवारा आणते," सिस्टर म्हणाल्या.

"अजिबात मारायच्या न्हाईत," आक्का खाटेवरून उतरली. "मुंग्या उगीच येत न्हाईत. कुठं चालल्यात ते बघू या आधी, म्हंजे वाट बदलता येईल त्यांची."

ती वाकून मुंग्यांच्या मागं मागं गेली. मी डोळे मिटले. वळकटी उलगडल्याचा आवाज आला, मग डब्याच्या झाकणाचा.

मी डोळे उघडले. आक्का खाली फरशीवर बसली होती. मांडीवर डबा, डब्यात सहा लाडू.

"बाई, हे काय?" सिस्टर म्हणाल्या.

आक्कानं आपले दोन्ही तळहात वर करून बघितले. मग उजव्या हाताची बोटं नाकाशी नेली आणि हुंगली.

"किती गेलेत ह्यातले?" तिनं विचारलं.

"आठ-दहा तरी गेलेत. डबा भरलेला असणार."

"मग मीच खाल्ले असतील," आक्का म्हणाली.

सिस्टरनी डॉक्टरांना बोलावलं. बाईंनी डबा बघितला आणि पेन्सिल केसांत खोचून, काढून, पुन्हा खोचली. तीन दिवसांची मेहनत वाया गेली होती. "चंपाबाई," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "भूक लागली होती तर मला सांगायचं होतं."

"भूक न्हाई लागली. मला ठाऊकच न्हाई खाल्लेलं." आक्का अजून आपल्या हातांकडंच बघत होती. "डॉक्टर, मी तुमच्याकडं कशासाठी आले ते सांगते. मला बघायचं होतं, मी झोपेत उठून खाते का."

"झोपेत?"

"बत्तीस वर्षं झाली. लग्न होऊन वर्षसुद्धा झालं नव्हतं, तवा सासरी पोळ्या गेल्या. सासूबाई म्हणाल्या, हिनंच खाल्ल्या, अंग बघा हिचं. मी जागेपणी खाल्ल्या नव्हत्या, देवाच्या पायाची आण. पण अंग तर हे असं. जेवते सगळ्यांपेक्षा कमी आन् वाढते सगळ्यांपेक्षा जास्त. मग खातंय कोण? आमचे हे म्हणाले, जाऊ दे, झोपेत उठून खात असशील, तुझा काय दोष? तवापासनं मी पदर खाटेला बांधून झोपते. उठले तर ओढ बसून जाग यावी म्हणून. सासूबाई गेल्या तवा कोठीची किल्ली माझ्याकडं आली. मी ती हातात घेतली न्हाई. थेट सुनेला दिली. म्हटलं, इथं सिस्टर रातभर जाग्या असतात, एकदा कळून जाऊ दे." तिनं डब्याचं झाकण लावलं. "कळलं."

पडद्याच्या या बाजूला मी उभा होतो. एवढा मोठा देह, पण कुठं लपवायचा ते सुचेना.

"लाडू माझे आहेत," मी म्हणालो.

"मला वाटलंच," लोखंडे सिस्टर म्हणाल्या.

आक्का मात्र उसळली. "गप बस पाऱ्या. मला पाठीशी घालायला येऊ नको."

"अगं खरंच मी खाल्ले. नऊ."

"डबा माझ्या वळकटीत होता!"

"मीच ठेवला होता. तुझी वळकटी कोण तपासणार म्हणून."

"खोटं बोलतोय हा. लहानपणापासनं असाच मायाळू हाय."

मायाळू! आता आली का पंचाईत? आयुष्यात पहिल्यांदा मी खरं बोलत होतो आणि कुणी खरं मानत नव्हतं. शेवटी मी माझी उशी उचलली आणि अभ्र्यात हात घालून अर्धा लाडू बाहेर काढला. तिसऱ्या फेरीतला तो. यंत्र मधेच थांबलं म्हणून राहिलेला.

सिस्टरनी तो चिमट्यानं उचलला, काट्यावर ठेवला आणि वहीत लिहिला. एकवीस ग्रॅम.

आक्का त्या अर्ध्या लाडवाकडं बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावर जो सुटकेचा भाव आला, तो बघून मला वाटलं, झालं, आता गप्प बसावं. एवढ्यावर भागलं असतं. कुणी पुढचं विचारलं नव्हतं. पण तोंडच उघडं पडलं होतं.

"आणि आक्का, त्या पोळ्यासुद्धा."

"कुठल्या पोळ्या?"

"शेंगदाण्याच्या. तुझ्या सासरी. मी संक्रांतीला आलो होतो बघ, बारा वर्षांचा होतो. रात्री भूक लागली. कोठीत टोपलीवर फडकं झाकलं होतं."

आक्कानं मांडीवरचा डबा खाली ठेवला.

"सकाळी तुझी सासू बोलायला लागली तेव्हा मी तिथंच होतो," मी म्हणालो. "दूध पीत होतो. मान वर केली नाही. मग वाटलं, पुढच्या खेपेला सांगू. पुढच्या खेपेला किल्ली सासूच्या कमरेला दिसली आणि धीरच झाला नाही. मग वर्षं गेली. लोक म्हणायला लागले, चंपा चोरून खाते. ऐकून ऐकून मलाही वाटायला लागलं, त्या रात्री मी खाल्ल्या खऱ्या, पण एरवी ती खातच असणार. नाहीतर एवढी जाड कशी?"

आता ती मला मारेल असं वाटलं. मारलं असतं तर बरं झालं असतं.

"किती खाल्लास?" तिनं विचारलं.

"अकरा."

"बारा गेल्या होत्या."

"अकराच, आक्का."

"सासूबाई बारा म्हणाल्या होत्या. मरेपर्यंत बाराच म्हणत होत्या. त्यांची मोजणी कधी चुकली न्हाई."

"दहा भराभर गेल्या. अकरावी घशाखाली उतरेना म्हणून तांब्याभर पाण्याबरोबर ढकलली. ती मी कसा विसरेन? बारावी खाल्ली असती तर मी आज तुझ्यापुढं उभा नसतो."

आक्कानं बोटांवर पुन्हा मोजलं. मग डॉक्टरांकडं वळून म्हणाली, "मग आता मला सांगा, मी झोपेत उठते का न्हाई?"

आम्हा दोघांच्या मनगटाला हालचाल टिपणारे पट्टे बांधलेले होते. ते पुण्याला गेल्यावरच बघायचे असा नियम होता. बाईंनी क्षणभर विचार केला आणि आमचे दोन्ही पट्टे सोडून तिथल्याच कॉम्प्युटरला जोडले. पडद्यावर आक्काची रेघ उमटली.

"ही सपाट रेघ म्हणजे तुम्ही झोपला आहात. हे बारीक टेकाड आहे ना, तिथं कूस बदललीत."

"उठले कुठं?"

"कुठंच नाही. तिन्ही रात्री."

"पुन्हा दाखवा."

बाईंनी पुन्हा दाखवली. आक्कानं तिसऱ्यांदा बघायला मागितली. रेघेवरून तिनं हलकेच बोट फिरवलं, शेवटपर्यंत.

"सपाट हाय," ती म्हणाली. "आन् मगाशी मधेच हे डोंगर कसले दिसले?"

"ते मगदूमांचे. चुकून माझ्याकडून दोन्ही उघडले गेले."

डॉक्टरांनी माझे नमुने बाद केले. आक्काचे ठेवले. घरी परतताना गाडीत आक्का खिडकीबाहेर बघत बसली आणि उतरताना एवढंच म्हणाली, "महिनाभर माझ्या दारात येऊ नको." मी गेलो नाही. तो महिना माझ्या आयुष्यातला सगळ्यात हडकुळा महिना. खाणं कसं ते गोडच लागेना. हंगाम संपायच्या आत मी दिवसपाळी मागून घेतली. दाणा दिवसाही तसाच बसतो, हे अठरा वर्षांनी कळलं.

चार महिन्यांनी डॉक्टर नाडगौडा निकाल घेऊन आक्काच्या घरी आल्या. तोवर माझा महिना भरला होता, म्हणून मलाही बोलावणं होतं. सोप्यात सगळे बसले होते. आक्का खुर्चीवर. शेजारी दाजी, म्हणजे तिचे यजमान. हडकुळा, शांत माणूस, कुणाच्या अध्यात ना मध्यात. मुलगा दाराशी, सून चहा घेऊन आलेली. आक्कानं मुद्दाम सगळ्यांना बोलावून बसवलं होतं.

बाईंनी कागद उलगडला. "चंपाबाई, तुमचं मेंदूतलं घड्याळ अगदी चोख आहे. सूर्य कधी मावळतो ते तुम्हाला खिडकीशिवाय कळतं ते त्यामुळेच. पण तुमच्या चरबीतल्या पेशींत जे घड्याळाचे जीन्स आहेत, त्यांचा चढउतार फार मंद आहे. बारीक माणसात तो डोंगर-दरीसारखा दिसतो, तुमच्यात सपाट. म्हणजे कधी साठवायचं आणि कधी खर्च करायचं, याचा इशारा तिथं नीट पोचत नसावा."

"म्हंजे मी दिवसपाळी करते आन् माझी चरबी रातपाळी करते, असंच न्हवं?"

बाई हसल्या. "जवळपास तसंच. आता वजनामुळे घड्याळ बिघडलं की घड्याळामुळे वजन वाढलं, ते आम्हाला अजून माहीत नाही. तुमच्यासारखी साठ माणसं तपासतोय, तरी कळेलच असं नाही. यावर गोळीही नाही माझ्याकडे. पण एक गोष्ट मी लिहून देऊ शकते. त्या तीन दिवसांत दिलेल्या ताटाबाहेरचं तुम्ही काहीही खाल्लं नाहीत आणि झोपेत एकदाही उठला नाहीत."

"लिहून द्या," आक्का म्हणाली. "सही करा. आन् मोठ्यानं वाचा एकदा."

बाईंनी लिहिलं, सही केली आणि मोठ्यानं वाचलं. सूनबाई दाराशी उभ्या असलेल्या नवऱ्याकडं बघत होती. तो जमिनीकडं बघत होता. कागदाची घडी आक्कानं कमरेला खोचली.

"आता एक तपासणी राहिलीये," ती म्हणाली आणि दाजींकडं वळली. "अहो, लग्नानंतरच्या पहिल्या संक्रांतीला कोठीतल्या पोळ्या गेल्या बारा. पारिसानं खाल्ल्या अकरा. त्यानं कबूल केलंय. बारावी कुणी खाल्ली?"

चार महिने ती त्यांच्याशी एका घरात राहत होती, एका पंगतीला जेवत होती, आणि तिनं हा प्रश्न पोटात ठेवला होता. आज चारचौघांत काढला.

दाजींची बशी ओठाशी थांबली. चहा बशीतून धोतरावर गेला तरी त्यांना कळलं नाही.

"कुठली संक्रांत?"

"तुम्हाला ठाऊक हाय कुठली."

दाजींनी बशी खाली ठेवली. टोपी काढली, पुन्हा घातली. "एकच गं," ते म्हणाले. "मला रात्री जाग आली. बघतो तर टोपली निम्मी झालेली. म्हटलं, हिनंच खाल्ल्या असणार. एवढ्या गेल्यात, त्यात आणखी एकीनं काय फरक पडतोय?"

"आन् सकाळी?"

"सकाळी आई मोजायला बसली. आईपुढं कोण बोलणार होतं? पण तुला फार दोष लागू नये म्हणून म्हटलं की झोपेत खात असशील."

डॉक्टर उगीचच कागदाच्या कडा जुळवत बसल्या. आक्कानं एकदा दाजींकडं बघितलं, एकदा माझ्याकडं. मग तिचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, आता रडणार. मी उठायला लागलो. पण ती हसत होती. आधी नुसतीच हलत होती, मग आवाज फुटला, मग खुर्ची करकरायला लागली, आणि डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं तरी हसणं थांबेना. एवढं हसताना मी तिला तिच्या लग्नाआधी बघितलं असेल.

"एक जाड, एक बारीक," ती कशीबशी म्हणाली, "आन् ह्या दोघांच्या मधे मी चोर!"

दाजी मान खाली घालून बसले होते. मीही. पदरानं तोंड पुसून आक्कानं दाराबाहेर अंगणातल्या उन्हाकडं बघितलं.

"सूनबाई, शेंगदाणे भाजायला घे. दिवस मावळायला अजून लई वेळ हाय. डॉक्टर, तुम्ही जेवूनच जायचं."

"पोळ्या करू, आई?" सून म्हणाली. "किती करू?"

"कर की तुला वाटतील तेवढ्या," आक्का म्हणाली. "मोजू मात्र नको."